कापडी फुलांचा मांडव : बचत नेमकी कुठे होते?

तुळशीचे लग्न लागले की गोव्यात लग्नसराईला प्रारंभ होतो. मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात, बस्ता बांधण्यासाठी चोर्ला घाटाने बेळगावच्या फेऱ्या सुरू होतात आणि त्याच सुमारास फुलांचे भाव चढतात. राज्यात लागणारी शेवंती, गुलाब, निशिगंध ही फुले मोठ्या प्रमाणात घाटावरून येतात. एकाच मुहूर्तावर अनेक घरी लग्ने असली की मागणी एकवटते आणि सकाळी लावलेली सजावट संध्याकाळपर्यंत मलूल झाली तरी तिचे पैसे मात्र पूर्ण मोजावे लागतात. त्यामुळे अलीकडे अनेक कुटुंबे कापडाच्या फुलांचा विचार करू लागली आहेत. घरात शिवणाचे थोडे ज्ञान असते, कपाटात जुन्या साड्या असतात आणि शिंप्याकडे कातरणही पडलेली असते.

विचार चांगला आहे. परंतु ‘घरी केले म्हणजे स्वस्त पडले’ हे गृहीतक तपासून पाहिल्याशिवाय कात्री हाती घेऊ नये. कापडी फुलांचा खरा खर्च कापडाचा नसून वेळेचा असतो. कोणती फुले करायची, किती करायची, कुठे लावायची आणि लग्नानंतर त्यांचे काय करायचे, या चार प्रश्नांची उत्तरे आधी ठरली, तरच या कामात बचत होते. ती ठरली नाहीत, तर लग्नाच्या आदल्या रात्री अर्धवट फुलांचा ढीग, दुखणारी बोटे आणि ऐनवेळी बाजारातून आणलेली महाग फुले अशी तिहेरी किंमत मोजावी लागते.

कोणती फुले कापडाची, कोणती ताजी?

पहिला निर्णय हाच. विधीमध्ये वापरली जाणारी फुले बहुतेक घरांत ताजीच असतात: देवपूजेची फुले, वरमाला, कलशावरची फुले. त्यांची संख्या मर्यादित असते आणि त्यांत काटकसर करण्यासारखे फारसे काही नसते. केसांत माळायच्या फुलांचेही तसेच. अबोलीची फात किंवा जाईचा गजरा यांची जागा कापड घेऊ शकत नाही. जाईचा अर्धा आनंद तिच्या वासात असतो. शिवाय म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा गावोगावच्या देवळांपुढे फाती विकणाऱ्या स्त्रियांचे पोट याच फुलांवर चालते. मांडवाच्या खर्चात बचत करताना त्यांच्या टोपलीला कात्री लागण्याचे कारण नाही.

मुख्य खर्च असतो तो सजावटीच्या फुलांचा. व्यासपीठामागचा पडदा, प्रवेशद्वार, खुर्च्यांच्या कडा, भेटवस्तूंचे टेबल, रुखवताची मांडणी ही सगळी फुले दुरून पाहिली जातात. त्यांना वासाची गरज नसते, तासन्तास टिकण्याची मात्र असते. कापडी फुलांचे खरे क्षेत्र हेच.

त्यातही एक भेद करावा. झेंडूसारखे फूल कापडाचे करण्यात सहसा फायदा नसतो. कापडी झेंडूसाठी सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी चुण्या घालून गुंडाळावी लागते आणि ४४ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात अशी जेमतेम २० फुले होतात. म्हणजे शंभर फुलांना पाच मीटर कापड. किलोभर ताज्या झेंडूत सहज शंभर फुले बसतात. त्या दिवशीचा झेंडूचा भाव आणि पाच मीटर कापडाचा भाव शेजारी मांडला की निर्णय आपोआप होतो. गुलाब, लिली, कार्नेशन यांसारखी जी फुले नगावर विकली जातात, प्रवासात चुरगळतात आणि उष्म्यात लवकर कोमेजतात, ती कापडाची करावीत. झेंडू बाजारातून आणावा.

कापडाची पारख

फुलाची रीत कापड ठरवते. सुती कापडाचे दोरे कापलेल्या कडेने सुटतात. म्हणून ज्या फुलांत कापलेली कड बुडाशी लपते आणि बाहेर केवळ घडी दिसते, तीच फुले सुती कापडाची करावीत. पॉलिएस्टर सॅटिन किंवा ऑर्गेंझा यांची कड आचेजवळ नेली की वितळून बंद होते; तिथे कड उघडी ठेवता येते. रेशीम या दोहोंच्या मध्ये बसते. त्याची घडी सुरेख पडते, पण कड वितळत नाही.

कापड कशाचे आहे याची खात्री नसेल, तर त्याचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि मऊ राखाडी राख उरते. रेशमाला जळलेल्या केसांचा वास येतो आणि काळा गोळा बोटांनी चुरता येतो. पॉलिएस्टर वितळून आक्रसते आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो, जो चुरत नाही. दुकानात ‘सिल्क’ म्हणून विकले जाणारे कापड पुष्कळदा या शेवटच्या प्रकारात मोडते. फुलांसाठी त्याने काही बिघडत नाही, फक्त ते आधी माहीत असावे.

कापड मिळवण्याच्या तीन जागा आहेत. पहिली घरातलीच: विरलेली सुती साडी, जुने धोतर, पदर फाटलेला शालू. साडेपाच मीटर साडीतले तीन मीटर जरी धड निघाले, तरी एका छोट्या मांडवाच्या फुलांचा मोठा भाग त्यात भागतो. जरीचा काठ वेगळा काढून ठेवावा. तो फुलांच्या मध्यासाठी किंवा तोरणाच्या पट्टीसाठी उपयोगी पडतो. दुसरी जागा शिंप्याची. अस्तराच्या, ब्लाउजपीसच्या आणि परकराच्या कातरणीतून सात-आठ सेंटिमीटरचे तुकडे सहज निघतात. तिसरी जागा कापड दुकानांतले कटपीस. बस्त्याच्या खरेदीसाठी बेळगावला जाणाऱ्यांनी त्याच फेरीत कटपीस पाहून घ्यावेत, मात्र वधूच्या शालूचा रंग जुळवण्यासाठी त्याचा एखादा दोरा किंवा तुकडा जवळ ठेवावा. खणाच्या कापडाचे उरलेले तुकडेही फुलांना उठाव देतात. त्यांचा पोत मुळातच कडक असल्याने त्यांना खळ लागत नाही.

रंग तीनपेक्षा अधिक घेऊ नयेत. एक फिका, एक शालूशी जुळणारा आणि तिसरा पानांचा हिरवा. सभागृहाच्या पिवळसर दिव्यांत शुभ्र पांढऱ्यापेक्षा सायीचा रंग अधिक शोभतो. जुने पांढरे सुती कापड चहाच्या कोऱ्या पाण्यात बुडवून असा रंग घरीच आणता येतो. हळदीने रंगवण्याचा मोह मात्र टाळावा. हळदीचा रंग उन्हात उडतो आणि साबणाचा हात लागला तर लालसर डाग पडतो. लाल, मरून, गडद निळे असे नवे सुती कापड असेल तर कापण्यापूर्वी एकदा धुऊन घ्यावे. कच्चा रंग असल्यास ताज्या फुलांवर शिंपडलेले पाणी त्यावर पडताच शेजारचे फिके फूल डागाळते.

खळ आणि इस्त्री

सुती फूल उभे राहावे यासाठी कापडाला खळ द्यावी लागते. खळ कापण्यापूर्वी द्यावी, म्हणजे कात्री सफाईने चालते आणि दोरेही कमी सुटतात. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून दोन वाट्या उकळत्या पाण्यात घालावे आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळावे. साबुदाण्याची पातळ खळही चालते. पेजेची निवळ हा गोव्यातल्या घरात सहज मिळणारा पर्याय. मात्र उकड्या तांदळाच्या पेजेने पांढऱ्या कापडाला किंचित तांबूस छटा येते. ती नको असेल तर सुरय तांदळाची निवळ घ्यावी. कापड खळीत बुडवून, पिळून, सावलीत वाळवावे आणि किंचित दमट असतानाच इस्त्री करावे. चुण्यांच्या फुलांसाठी खळ हलकी असावी. कडक कापडाच्या चुण्या ओढताना दोरा तुटतो.

तीन फुले पुरेशी

नवख्या हातांनी दहा प्रकार शिकण्यापेक्षा तीन प्रकारांवर हात बसवावा. मांडवात विविधता रंगाने आणि आकाराने आणता येते. प्रत्येक नवा प्रकार म्हणजे पुन्हा नव्याने शिकण्याचा वेळ.

पहिले, चुण्यांचे पाच पाकळ्यांचे फूल. पुठ्ठ्याचा सात सेंटिमीटर व्यासाचा साचा करून कापडाची वर्तुळे कापावीत. प्रत्येक वर्तुळ मधोमध दुमडले की अर्धवर्तुळ तयार होते. त्याच्या गोलाकार उघड्या कडेने धावदोरा घालावा, दोरा ओढून चुणी पाडावी आणि दोरा न तोडता त्याच दोऱ्यात पुढची पाकळी ओवावी. पाच पाकळ्या झाल्या की पहिली आणि शेवटची जोडून दोरा घट्ट ओढावा. कापलेली कड मध्यभागी गोळा होते आणि बाहेर घडीची गोलाई दिसते. मध्यावर मणी किंवा कापड चढवलेले बटण शिवले की सुमारे सहा सेंटिमीटरचे फूल तयार होते. ४४ इंच, म्हणजे सुमारे ११२ सेंटिमीटर पन्ह्याच्या एक मीटर कापडात आडवी १६ आणि उभी १४ अशी २२४ वर्तुळे बसतात. त्यांची ४४ फुले होतात. कापड वाचवणारे फूल हेच.

दुसरे, गुंडाळी गुलाब. आठ सेंटिमीटर रुंद आणि ५६ सेंटिमीटर लांब पट्टी घेऊन ती लांबीत दुमडावी, म्हणजे चार सेंटिमीटर रुंदीची दुहेरी पट्टी होते. घडीची बाजू वर ठेवून एक टोक घट्ट गुंडाळावे. ही झाली कळी. त्यानंतर प्रत्येक अर्ध्या वळणाला पट्टी बाहेरच्या बाजूस तिरकी दुमडत गुंडाळत जावे. त्या दुमडीनेच पाकळी उलटल्याचा भास होतो. दर वळणाला बुडाशी एक टाका घ्यावा. शेवटी सगळे टाके ठेवले तर फूल निसटते, ही नवशिक्यांची नेहमीची चूक. एक मीटर कापडात असे २४ गुलाब होतात. पट्टी तिरकस विणीत कापली तर गुलाब अधिक गोलसर होतो, पण कापड जास्त वाया जाते. बचतीचा विचार असेल तर सरळ पट्टी पुरेशी आहे.

तिसरे, आचेवर कड वळवलेले फूल. हे केवळ पॉलिएस्टर सॅटिन किंवा ऑर्गेंझाचेच करावे. नऊ, आठ, सात, सहा आणि पाच सेंटिमीटरची वर्तुळे कापून प्रत्येकाला कडेपासून मध्याकडे पाच चिरा द्याव्यात. मध्यभागी दोन सेंटिमीटर जागा अखंड राहिली पाहिजे. वर्तुळ चिमट्यात धरून त्याची कड मेणबत्तीच्या ज्योतीच्या बाजूला, थोड्या अंतरावर फिरवावी. कड वितळून वळते आणि पाकळीला नैसर्गिक मुरड येते. ज्योतीच्या टोकावर धरल्यास काजळी बसते आणि फिक्या रंगाचे फूल वाया जाते. वर्तुळे मोठ्याकडून लहानाकडे रचून मध्यावर मणी शिवला की फूल पूर्ण होते.

या कामात सावधगिरी हवी. वितळलेले पॉलिएस्टर कातडीला चिकटते आणि खोल भाजते. काम खिडकी उघडी असलेल्या खोलीत, पंखा बंद करून, पाण्याचे भांडे जवळ ठेवून करावे. अंगात सुती कपडे असावेत, ओढणी किंवा पदर खोचलेला असावा आणि लहान मुलांना हे काम देऊ नये. मुलांसाठी मणी ओवणे, साच्याने वर्तुळे आखणे अशी कामे पुष्कळ असतात.

देठ, पाने आणि दोर

फुलांपेक्षा पुष्कळदा बाकीच्या सामानावरच अधिक पैसा जातो. आयात तार, हिरवी चिकटपट्टी, प्लॅस्टिकची पाने यांची खरेदी टाळता येण्यासारखी आहे. फुलदाणीत ठेवायच्या फुलांना माडाच्या झावळीचे हीर उत्तम देठ होतात. हीर सोलून, वाळवून, त्यावर हिरव्या कापडाची बोटभर पट्टी तिरकी गुंडाळावी आणि दोन्ही टोकांना टाका घालावा. माळांसाठी काथ्याचा दोर किंवा जाड सुती दोरा वापरावा. नायलॉनच्या दोऱ्यावर फुले घसरतात आणि एका टोकाला गोळा होतात.

थर्माकोलच्या पाट्यांवर फुले डकवण्याची जुनी रीत आता सोडावीच लागेल. १ जुलै २०२२ पासून देशभर लागू झालेल्या एकेरी वापराच्या प्लॅस्टिकवरील बंदीत सजावटीच्या थर्माकोलचाही समावेश आहे. त्याऐवजी जाड पुठ्ठा किंवा बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून त्यावर फुले शिवावीत अथवा बांधावीत. असा सांगाडा हलका असतो आणि पुन्हा वापरता येतो.

पाने कापडाची करण्यात वेळ खर्चू नये. तोरणात आंब्याची खरी पाने आणि कापडी फुले यांची जोडी फार चांगली दिसते. पाने मांगल्याची असतात, बहुधा विकत घ्यावी लागत नाहीत आणि दिवसभर सहज टिकतात. एवढेच पाहावे की आंब्याच्या देठातून येणाऱ्या चिकाचे कापडावर डाग पडतात. पाने आदल्या दिवशी तोडून, देठ पुसून, चीक सुकू द्यावा आणि मगच ती तोरणात ओवावीत.

जोडणीसाठी गोंदापेक्षा सुईवर विश्वास ठेवावा. गोंदाच्या बंदुकीने काम झरझर होते, परंतु एप्रिल-मेच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिकीत ते जोड मऊ पडून सुटतात. पांढऱ्या गोंदाचे सॅटिनवर डाग उठतात. सभागृहापर्यंतचा प्रवास आणि पुढच्या वर्षीचा वापर या दोन्हींत टाकाच टिकतो.

हिशेब कागदावर

समजा, दीडशे-दोनशे पाहुण्यांचे लग्न आहे. व्यासपीठाच्या पडद्यावर प्रत्येकी दोन मीटरच्या दहा माळा सोडायच्या आहेत आणि प्रत्येक माळेत २० सेंटिमीटरवर एक फूल, म्हणजे एकूण शंभर चुण्यांची फुले. प्रवेशद्वाराच्या तीन मीटर तोरणाला १५ सेंटिमीटरवर एक याप्रमाणे २० गुलाब आणि टेबल, रुखवत व पहिल्या रांगेतल्या खुर्च्या यांसाठी आणखी ३० गुलाब. एकूण दीडशे फुले. आचेवरची फुले हवीशी वाटली तर यांतलीच काही बदलावीत. संख्या वाढवू नये.

शंभर चुण्यांच्या फुलांना अडीच मीटर आणि ५० गुलाबांना सव्वादोन मीटर कापड लागते. वाया जाणारे धरून पाच मीटर. मीटरचा भाव १०० रुपये धरला तर कापडाचा खर्च ५०० रुपये होतो. जुन्या साड्या वापरल्या तर तोही वाचतो.

आता वेळ. सवय झालेल्या हाताला चुण्यांच्या फुलास बारा आणि गुलाबास आठ मिनिटे लागतात असे धरले, तर शंभर फुलांचे २० तास आणि ५० गुलाबांचे सुमारे पावणेसात तास होतात. खळ, इस्त्री, कापणे आणि माळा ओवणे यांचे आठ-साडेआठ तास त्यात मिळवले की एकूण ३५ तास होतात. या तासांना ताशी ६० रुपये असा माफक दर लावला, तर श्रमाची किंमत २१०० रुपये येते. कापड धरून २६०० रुपये, म्हणजे फुलामागे सुमारे १७ रुपये. ‘फुकटात झालेल्या’ फुलाची खरी किंमत ही आहे.

हा हिशेब मांडण्यामागे कोणाचा उत्साह घालवण्याचा हेतू नाही. घरातल्या स्त्रियांचा वेळ हिशेबात न धरण्याची सवय जुनी आहे आणि लग्नघरात तो वेळ सर्वांत महाग असतो. तो मोजला की तीन गोष्टी उघड होतात. फुलांची संख्या आवरती ठेवणे आवश्यक आहे. काम वाटून घेतले पाहिजे. आणि फुले एकदाच वापरून टाकून दिली, तर बचत फारशी होत नाही. तीच फुले दुसऱ्या कार्यात वापरली की फुलामागची किंमत निम्मी होते, तिसऱ्या कार्यात एक-तृतीयांशावर येते. कापडी फुलांतली बचत कात्रीपेक्षा या पुनर्वापरातून होते.

काम सुरू करण्यापूर्वी घड्याळ लावून पाच फुले करून पाहावीत. त्या पाच फुलांना लागलेल्या वेळाने एकूण संख्या गुणली की ती ठेवायची की कमी करायची, याचे प्रामाणिक उत्तर मिळते. हातात वेळ नसेल, तर गावातल्या शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना किंवा स्वयंसहाय्य गटाला योग्य मोबदला देऊन फुले करवून घेणे हा चांगला मार्ग आहे. पैसा गावातच राहतो आणि लग्नघरातील माणसे इतर कामांना मोकळी होतात.

चातुर्मासातले काम

या कामाला सर्वांत सोयीचा काळ चातुर्मासाचा. आषाढी एकादशीपासून लग्नाचे मुहूर्त थांबतात, पावसामुळे बाहेरची कामे मंदावतात आणि दुपारी घरात चार माणसे एकत्र बसण्याची शक्यता असते. ३५ तासांचे काम चौघांनी दर रविवारी दोन तास बसून केले तर पाच रविवारांत पुरे होते. एकाने कापावे, दोघांनी शिवावे, एकाने मणी लावावेत, अशी वाटणी केली तर काम लवकर होते आणि फुलेही एकसारखी दिसतात. रुखवताच्या वस्तू पूर्वी याच पद्धतीने, मावश्या-आत्यांच्या हातून, महिनोन्‌महिने आधी तयार होत असत.

पावसाळ्यातला एक धोका मात्र ओळखून असावा. गोव्याच्या दमट हवेत खळ दिलेल्या कापडाला बुरशी लवकर धरते आणि खळीच्या वासाने कसरही येते. म्हणून पावसात सॅटिनची आणि बिनखळीची फुले करावीत. खळीचे काम ऊन पडू लागल्यावर, नवरात्राच्या सुमारास हाती घ्यावे. तयार फुले प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. त्यात ओल कोंडते. पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी सुती चादर अंथरून फुले एका थरात ठेवावीत, वर वर्तमानपत्र घालावे आणि कोपऱ्यात सुकलेला कडुलिंबाचा पाला ठेवावा.

लग्नाच्या दिवशी

सजावट आदल्या संध्याकाळी पूर्ण करता येते, हा कापडी फुलांचा मोठा फायदा. ताज्या फुलांसाठी पहाटे धावणारी दोन माणसे त्या दिवशी इतर कामांना मिळतात. दुरून दिसणाऱ्या जागी फुले सुटी विखरून न लावता तीन-तीन किंवा पाच-पाचच्या घोसात बांधावीत. कमी फुलांत जागा भरलेली दिसते. पाहुण्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, जवळून दिसणाऱ्या ठिकाणी, सर्वांत सफाईदार फुले लावावीत आणि सुरुवातीला शिकताना केलेली वाकडीतिकडी फुले उंचावरच्या माळांत ओवावीत.

होमकुंड, समया आणि निरांजने यांच्या आसपास सिंथेटिक कापडाचे एकही फूल असू नये. लाजाहोमाच्या वेळी ज्वाळा अचानक उंच उठतात आणि वरून लोंबणारी पॉलिएस्टरची माळ पेटली तर वितळलेले थेंब खाली बसलेल्यांच्या अंगावर पडतात. विधीच्या जागेवर ताजी फुले आणि आंब्याची पाने, तर मागच्या पडद्यावर, अग्नीपासून दूर, कापडी फुले अशी रचना ठेवावी. परंपरेलाही ती धरून आहे आणि सुरक्षितही आहे.

लग्नानंतर

ताज्या फुलांचे निर्माल्य होते आणि ते माडाच्या मुळाशी घातले तर मातीला मिळते. सुती फूलही कालांतराने कुजते. पॉलिएस्टरच्या फुलाचे तसे नाही. ते उकिरड्यावर गेले तर वर्षानुवर्षे प्लॅस्टिकसारखेच राहते. म्हणून सॅटिनची फुले करणाऱ्यांवर ती जपण्याची जबाबदारी अधिक आहे. कार्य संपल्यावर माळा कापून न काढता गाठी सोडून उतरवाव्यात, धूळ झटकावी, एक दिवस सावलीत वाऱ्यावर ठेवाव्यात आणि मोजून खोक्यात भराव्यात. खोक्यावर संख्या आणि रंग लिहून ठेवला की पुढच्या वेळी शोधाशोध होत नाही.

पुढची वेळ यायला फार दिवस लागत नाहीत. धाकट्या भावंडाचे लग्न, कोणाचे डोहाळजेवण, कोणाची मुंज, आणि दर वर्षी येणारी चवथ. माटोळीला रानातली फळेफुलेच हवीत. तिथे कापडाचे काम नाही. पण गणपतीच्या मखराला तीच फुले पुन्हा लावता येतात. घरच्या लग्नात आजीच्या साडीतून निघालेले फूल चवथीच्या मखरावर दिसले की ते कोणी, कधी आणि कोणत्या कार्यासाठी केले होते, याची आठवण घरात पुन्हा निघते आणि त्या फुलांना लागलेल्या तासांची किंमतही तेव्हा वसूल झालेली असते.